भाराखाली तापणारा संगणक

एखादा संगणक पत्रलेखनासारखे साधे काम बिनतक्रार करतो. परंतु चित्रफितीचे संपादन सुरू करताच काही मिनिटांत बंद पडतो. एवढ्यावरून तो निकामी झाला असे मानण्याचे कारण नाही. प्रोसेसर जी वीज घेतो, ती जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. 1989 साली आलेला इंटेल 80486 बहुधा पंख्यावाचून चालत असे. आजचे काही प्रोसेसर पूर्ण भाराखाली 200 वॅटहून अधिक वीज घेतात. तापमान सुमारे 100 अंश सेल्सिअसला पोहोचले की प्रोसेसर आपली गती कमी करतो. तरीही ते चढत राहिले, तर स्वसंरक्षणार्थ यंत्र बंद होते.

म्हणून प्रथम भाराखालील तापमान मोजावे. ते झपाट्याने चढत असेल, तर उष्णतेची वाट अडली आहे असे समजावे. पेटीचे झाकण काढल्यावर तापमान बरेच उतरले, तर पेटीत हवा पुरेशी खेळत नाही. पंखा फिरतो की नाही हे पाहून मग वीज तोडावी आणि हीट सिंकमधील धूळ झाडावी. प्रोसेसर व हीट सिंक यांमधील थर्मल पेस्ट सुकली असल्यास पुसून नवी लावावी.

तापमान मर्यादेत असूनही यंत्र बंद पडते काय? मग दोष अन्यत्र, बहुधा पॉवर सप्लाय किंवा मेमरीत, शोधावा. निदानापूर्वी सुटे भाग बदलणे म्हणजे पैशांचा अपव्यय होय.