हुकूम कधी उघडायचा

चांदवडला कांद्याचा लिलाव सुरू व्हायला वेळ असला की ट्रॉलीच्या सावलीत मेंढीकोटाचा डाव पडतो. चौघं जण, समोरासमोर भिडू, प्रत्येकी १३ पानं आणि सगळी मारामारी चार दश्श्यांसाठी. बंद हुकुमाच्या डावात हुकुमाचं पान पालथं असतं. उतारीचा रंग हातात नसला की ते उघडायला सांगता येतं. पण फुटकळ पान टाकून गप्पही बसता येतं. दश्शी पडायच्या आधीच हुकूम उघडणाऱ्याला भिडू नुसत्या डोळ्यांनी शिव्या घालतो.

हाच 'कधी'चा प्रश्न माझा भाचा खेळतो त्या 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळातही आहे. रिचर्ड गारफिल्डचा हा खेळ १९९३ साली आला. भाच्यासमोर बसलं की पहिली गोष्ट कळते ती ही, की इथे मंत्राचं पान टाकलं म्हणजे मंत्र लागला असं नाही. तो 'स्टॅक'वर थांबतो आणि समोरच्याला बोलायची संधी मिळते.

समजा, माझं 'ग्रिझली बेअर्स' हे अस्वलाचं पान टेबलावर आहे. ताकद २, तग २. भाचा 'लाइटनिंग बोल्ट' टाकतो, ३ चा घाव. त्यावर मी ताकद आणि तग ३-३ ने वाढवणारी 'जायंट ग्रोथ' टाकतो. दोघांनी लागोपाठ 'पास' म्हटलं की शेवटी पडलेलं पान आधी लागतं. अस्वल ५/५ होतं, मग बोल्ट बसतो, अस्वल वाचतं. आता क्रम उलटा करा. ग्रोथ मी उगाच आधी टाकली आणि भाच्याने त्यावर बोल्ट मारला, तर बोल्ट आधी लागून अस्वल मरतं. ग्रोथला वाढवायला कुणी उरतच नाही. शिवाय एक पान लागलं की पुन्हा दोघांना विचारणं आलंच.

ही सरळ रीत १९९९ च्या सहाव्या आवृत्तीपासूनची. त्याआधी 'इंटरप्ट' नावाचा वेगळाच प्रकार होता आणि त्यावरून वाद व्हायचे.

मंत्रांपैकी 'सॉर्सरी' आपल्याच पाळीत, स्टॅक रिकामा असताना टाकायची. 'इन्स्टंट' दुसऱ्याच्या पाळीतही चालतं. म्हणून मंत्राचा खर्च भागवणाऱ्या दोन निळ्या लँड आडव्या न करता, म्हणजे न वापरता, पाळी सोडणारा खेळाडू मला ट्रॉलीखालच्या मुरलेल्या गड्यांपैकीच वाटतो. त्याच्या हातात समोरच्याचा मंत्र रद्द करणारं 'काउंटरस्पेल' असेल, नाहीतर नुसती हूल.

मेंढीकोट येणाऱ्याला हा खेळ लवकर जमतो, असं माझं मत आहे. शिकायला बसलात तर पानांची नावं मागाहून पाठ करा. समोरच्याला 'काही आहे का?' विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही सवय आधी लावून घ्या.