'हॅव'च्या पुढचा शब्द बघा, मग मेसेज कळतो

बँकेचा मेसेज आला की अजूनही बऱ्याच घरांत शाळेतल्या पोराला हाक मारतात, "बघ रे, पैसे आले का गेले?" पोरगं आकडा वाचून मोकळं होतं. आकड्याशेजारचं क्रियापद कुणी वाचत नाही, आणि घोळ तिथंच होतो.

ते क्रियापद बऱ्याचदा 'हॅव' असतं, नाहीतर त्याचंच रूप 'हॅज'. शाळेत 'हॅव म्हणजे जवळ असणे' एवढं पाठ करून घेतात. ते चूक नाही, पण तेवढ्यावर भागत नाही. हॅव तीन वेगळी कामं करतं, आणि कुठलं काम चाललंय ते त्याच्या पुढच्या शब्दावरून कळतं.

पहिलं काम मालकीचं. मराठीत यासाठी वेगळं क्रियापदच नाही, आपण सगळं 'आहे'वर भागवतो. माझ्याकडे ट्रॅक्टर आहे, मला तीन बहिणी आहेत, माझी पाच एकर जमीन आहे, मला ताप आहे. इंग्रजीत या चारही वाक्यांना एकच साचा. आय हॅव अ ट्रॅक्टर, आय हॅव थ्री सिस्टर्स, आय हॅव फाइव्ह एकर्स ऑफ लँड, आय हॅव अ फीव्हर. मनात 'आहे' असतं म्हणून तोंडात 'ॲम' येतं. पण 'आय ॲम फीव्हर' म्हणजे 'मी ताप आहे'. काही माणसं डोक्याला ताप असतात हे खरं, पण डॉक्टरला ते सांगायचं नसतं.

हॅव की हॅज, इथं भले भले अडखळतात. त्याचं कारणही मराठीत सापडतं. आपण म्हणतो, 'त्याच्याकडे गाय आहे', 'त्याच्याकडे गायी आहेत'. माणूस तोच, पण गायी वाढल्या की क्रियापद बदलतं. इंग्रजी गायींकडे बघतच नाही, मालकाकडे बघते. मालक एकटा असेल, म्हणजे ही, शी किंवा एखाद्याचं नाव असेल, तर एक गाय असो की पन्नास, 'हॅज'च. ही हॅज फिफ्टी काऊज. आय, यू, वी, दे यांना 'हॅव'. प्रश्न विचारताना मात्र 'डज' आला की हॅजचं परत हॅव होतं. डज शी हॅव आधार कार्ड? डज ही हॅज म्हणायचं नाही.

आणखी एक सवय म्हणजे 'हॅविंग'. मुलाखतीत 'आय ॲम हॅविंग थ्री इयर्स एक्स्पीरियन्स' असं हमखास ऐकू येतं. मालकी, नातं, अनुभव यांना हॅविंग लागत नाही, 'आय हॅव' पुरे. चहा पिणं, जेवण चालू असणं यासाठी हॅविंग चालतं. वी आर हॅविंग टी. पण 'माय सिस्टर इज हॅविंग टू चिल्ड्रन' म्हटलं, तर इंग्रजी माणूस समजेल की बहिणीला जुळं होणार आहे.

दवाखान्यात 'हॅव' आणि 'हॅड' जपून वापरावं. 'आय हॅव अ फीव्हर' म्हणजे आत्ता ताप आहे. 'आय हॅड अ फीव्हर' म्हणजे होता. हॅड ऐकून डॉक्टर ताप उतरला असं धरून चालतील. दोन दिवसांपासून आहे आणि अजून आहे असं सांगायचं तर 'आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर टू डेज'. ते जड वाटलं तर 'आय हॅव अ फीव्हर' म्हणून बोटं दाखवून 'टू डेज' सांगावं. व्याकरण थोडं लंगडं पडेल, पण काम होईल.

दुसरं काम सक्तीचं. हॅवच्या पुढे 'टू' आणि मग क्रियापद आलं की 'करावंच लागेल'. यू हॅव टू सबमिट द फॉर्म, म्हणजे फॉर्म द्यावाच लागेल. ऐकताना हे 'हॅफ टू' असं ऐकू येतं, त्यामुळे दोनाच्या 'टू'शी गोंधळ कमी होतो. याचं नकारार्थी रूप फसवं आहे. 'यू डोन्ट हॅव टू कम' म्हणजे 'येऊ नका' नव्हे, 'यायची गरज नाही'. यायचं असेल तर खुशाल यावं.

तिसरं काम 'झालं' हे सांगण्याचं, आणि खिशाशी संबंध याचाच. हॅजच्या पुढे 'बीन डेबिटेड' असेल तर पैसे कापले गेले, काम झालेलं आहे. 'बीन क्रेडिटेड' असेल तर जमा झाले. काही बँका हॅज गाळून नुसतं डेबिटेड लिहितात, अर्थ तोच. पण 'विल बी डेबिटेड' दिसलं तर पैसे अजून गेलेले नाहीत, जाणार आहेत. ऑटोपेचे असे मेसेज साधारणपणे २४ तास आधी येतात, कारण रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. नको असलेलं ऑटोपे बंद करायला तेवढाच वेळ हातात असतो. तेव्हा हॅज आणि विल यातला फरक आठवीतल्या पोरालाही नीट समजावून ठेवावा.

'हॅज रिक्वेस्टेड' हा शब्द तर लक्षात ठेवायलाच हवा. २०२५ पर्यंत असे मेसेज ओळखीच्या माणसांच्या नावानंही येत, आणि त्यात रुपये आणि ओळखीचं नाव दिसलं की पैसे आले असं वाटे. खरं तर समोरच्यानं पैसे पाठवलेले नसत, मागितलेले असत. मंजूर करून पिन टाकला की आपलेच जात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. 'यू हॅव वन' म्हणजे 'तुम्ही जिंकलात' असंही येतं. वाक्य व्याकरणात बरोबर असतं, पण न काढलेल्या तिकिटावर बक्षीस लागत नाही.

फसवणुकीत पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा आणि बँकेलाही कळवावं. तिथं मराठीत किंवा हिंदीत बोललं तरी चालतं. मेसेज मात्र पुसू नये, पुढे तोच पुरावा म्हणून दाखवावा लागतो.