आधी दार मोजा

घरी विमान बांधायचे तर पहिले हत्यार मोजपट्टी, आणि तिने आधी दार मोजावे. आमच्या अजिंठ्याच्या कारागिरांना ही चिंता नव्हती. त्यांचे काम जिथे घडले तिथेच राहायचे होते. कॅप्टन अमोल यादवांनी मुंबईत चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत 'मेक इन इंडिया' प्रदर्शनासाठी ते सुटे करून क्रेनने उतरवावे लागले.

गॅरेजमध्ये तयार भागांचा संच जोडणाऱ्याचे काम त्या मानाने सोपे. पण लांब टेबल हवे, तेही पाणसळीत. टेबलाला पीळ असेल तर तो पंखात उतरतो, आणि रिव्हेट ठोकल्यावर निघत नाही. मग विमान एका अंगाला कलू पाहते. लोखंडाचा कीस ॲल्युमिनिअमच्या पत्र्यापासून दूर ठेवावा, नाहीतर पत्रा गंजू लागतो. ठोकाठोकीबद्दल शेजाऱ्यांशी आधीच बोललेले बरे!

आणि एक वही. रोजचे काम तिच्यात लिहावे, छायाचित्रे चिकटवावीत. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनीच केले, हे अमेरिकेत तपासनिसाला दाखवावे लागते. आपल्याकडे यादवांच्या विमानाला नोंदणी मिळाली ती २०१७ च्या नोव्हेंबरात.