‘नीट’नंतर अभ्यासाची रीत बदलणे अपरिहार्य

पाथर्डी - ‘नीट’चा अडथळा पार करून वैद्यकीय महाविद्यालयात दाखल होणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यांपुढे पहिल्याच वर्षी नवे आव्हान उभे राहते. ऊसतोडणी मजुरांचा तालुका अशी ओळख असलेल्या पाथर्डीसारख्या भागात एका प्रवेशामागे अख्ख्या कुटुंबाचे कष्ट असतात. मात्र, ज्या अभ्यासाने प्रवेश मिळाला, तोच पुढे अपुरा पडतो.

२०२५ च्या ‘नीट’मध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे होते. चार पर्यायांतून अचूक उत्तर ओळखण्यावर या परीक्षेचा भर असतो व लातूर, अहिल्यानगर येथील शिकवणी वर्गांतील सरावही त्यावरच बेतलेला असतो. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्राच्या लेखी परीक्षेत बहुतांश उत्तरे स्वतःच्या शब्दांत, आकृत्यांसह लिहावी लागतात. तोंडी परीक्षेत तर पर्यायच नसतात.

उत्तर ओळखणे आणि आठवून सांगणे यांत मोठा फरक आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रोडिजर व कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात एकदा वाचून स्मरणचाचणी दिलेल्या विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर ५६ टक्के मजकूर आठवला. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. पाच मिनिटांनंतर मात्र दोनदा वाचणारेच पुढे होते. पुन्हा पुन्हा वाचल्याने ‘येते’ असा भास होतो, तो यामुळेच.

त्यासाठी व्याख्यानाच्या दिवशीच सायंकाळी पुस्तक मिटून त्या भागाची आकृती आठवून काढावी, चुका पुस्तकातून तपासाव्यात व हीच उजळणी तीन दिवसांनी आणि आठवड्याने करावी. प्रत्येक विषयासाठी एकच मुख्य पुस्तक ठेवावे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी संकल्पना आधी मराठीतून समजून घ्यावी. नंतर तेच उत्तर सहाध्यायासमोर इंग्रजीतून मोठ्याने सांगावे. तोंडी परीक्षेची भीती त्यानेच कमी होते.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार पहिले वर्ष उत्तीर्ण होण्यासाठी चारच संधी मिळतात. व्याख्यानांना ७५ टक्के व प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थितीही आवश्यक असते. त्यामुळे पहिल्या अंतर्गत परीक्षेत गुण घसरल्यास संकोच न करता लगेच शिक्षकांना भेटावे. तोपर्यंत वर्षाचा बराच काळ हाती असतो आणि अभ्यासाची रीत बदलण्यास तो पुरेसा ठरतो.