व्यवसायोपचाराचे शिक्षण आणि रुग्णाची भाषा

‘व्यवसायोपचार’ हा शब्द मराठीत रूढ होऊन बराच काळ लोटला असला, तरी तो ऐकताच सामान्य वाचकाच्या मनात उभी राहणारी कल्पना आणि त्या विद्येचा खरा विषय यांत पुष्कळ अंतर आहे. आजच्या मराठीत व्यवसाय म्हणजे पोटापाण्याचा धंदा वा पेशा. त्यामुळे व्यवसायोपचार म्हणजे अपंगास एखादा धंदा शिकविणे, असा समज सहज होतो. वि आणि अव या उपसर्गांनी युक्त अशा ‘सो’ धातूपासून सिद्ध झालेल्या या संस्कृत शब्दाचा अर्थ मात्र निश्चय, उद्योग, प्रयत्न असा व्यापक आहे. आणि या विद्येस अभिप्रेत असलेला अर्थ त्याच्याशीच अधिक जुळतो. मनुष्याचा दिवस ज्या ज्या कृतींनी भरलेला असतो, त्या सर्व तिच्या दृष्टीने व्यवसायच होत. आंघोळ करणे, लुगडे नेसणे, भाकरी थापणे, शाळेत पाटीवर लिहिणे, देवपूजा करणे, बाजारास जाणे या कृती आजाराने, अपघाताने, मनोविकाराने किंवा जन्मजात व्यंगाने अडल्या असता त्या पुन्हा साध्य करून देणे, हे या विद्येचे कार्य. त्यासाठी कधी रुग्णास शिकवावे लागते, कधी साधन बदलावे लागते, तर कधी घराची मांडणीच बदलावी लागते.

प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्यकाचा नव्हे. तथापि या विद्येच्या शिक्षणात एक अंग असे आहे की, त्याचा विचार भाषेच्या अभ्यासकाने करणे अप्रस्तुत होणार नाही. ते अंग कोणते, हे सांगण्यापूर्वी या शिक्षणाची रचना थोडक्यात पाहणे अवश्य आहे.

या विद्येची पहिली संघटना १९१७ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे स्थापन झाली. भारतातील तिच्या शिक्षणाचा आरंभ मुंबईत झाला. जन्माने अमेरिकन व विवाहाने महाराष्ट्रीय झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. १९५२ साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी अस्तित्वात आलेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक सदस्यांत भारताचा समावेश झाला. या महासंघाने शिक्षणाची किमान प्रमाणे प्रथम १९५८ साली ठरविली. ती पुढे वेळोवेळी सुधारली गेली. २०१६ सालची आवृत्ती त्यांपैकीच एक होय. या प्रमाणांतील एक अट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे: विद्यार्थ्याने किमान १००० तास प्रत्यक्ष रुग्णांच्या सहवासात, पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली काम केलेले असले पाहिजे.

अभ्यासक्रमाचे स्वरूप स्थूलमानाने असे असते. आरंभी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि व्यवसायोपचाराची मूलतत्त्वे. त्यानंतर शरीराच्या हालचालींचे शास्त्र आणि विकृतिशास्त्र. पुढे अस्थिरोग, मज्जारोग, मनोरोग, बालरोग इत्यादी विषय आणि त्या त्या रोगांत करावयाचे व्यवसायोपचार. हाताला आधार देणाऱ्या पट्ट्या घडविणे, साधनांत फेरफार करणे आणि संशोधनपद्धती हेही विषय असतात. या सर्वांच्या मध्यवर्ती जे कौशल्य आहे, त्यास कृतिविश्लेषण म्हणता येईल. वैयाकरण ज्याप्रमाणे वाक्याचे पृथक्करण करतो, त्याप्रमाणे हा विद्यार्थी कृतीचे पृथक्करण करावयास शिकतो. भाकरी करणे ही आपल्या दृष्टीने एक कृती. त्याच्या दृष्टीने ती कृतींची मालिका असते. पीठ मळणे, उंडा करणे, परातीत थापणे, उचलून तव्यावर टाकणे, वरून पाण्याचा हात फिरविणे, उलथणे. यांपैकी कोणत्या पायरीस दोन्ही हात लागतात, कोठे मनगटाचे बळ लागते, कोठे नजर व हात यांचा मेळ लागतो, आणि कोठे विस्तवाचे भान राखावे लागते, हे त्यास सांगता आले पाहिजे. कारण रुग्णाची अडचण ‘भाकरी’त नसते, तर या मालिकेतील एखाद्या पायरीत असते.

वर्गात हे शिकविता येते. परंतु नेमकी कोणती पायरी अडली आहे, हे रुग्णालयात रुग्णाकडूनच समजून घ्यावे लागते. आणि तेथे विद्यार्थ्याची गाठ भाषेशी पडते. प्रशिक्षणाच्या या भागात तो प्रथम निरीक्षण करतो, मग पर्यवेक्षकासमक्ष रुग्णाची तपासणी करतो आणि शेवटी स्वतंत्रपणे उपचाराची योजना आखतो. या तिन्ही अवस्थांत त्याचे अध्ययन व नोंदी इंग्रजीत असतात, संभाषण मात्र मराठीत, आणि तेही बहुधा त्याच्या स्वतःच्या मराठीहून वेगळ्या मराठीत. या दोहोंच्या मध्ये काय हरवते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

चालण्याविषयी विचारले असता मराठी रुग्ण पुढील पाचांपैकी कोणतेही वाक्य उच्चारू शकतो:

१. मी चालत नाही.
२. मला चालता येत नाही.
३. मला चालवत नाही.
४. मला चालू देत नाहीत.
५. मला कुणी चालवत नाही.

इंग्रजी नोंदीत या पाचही वाक्यांचे पर्यवसान ‘चालण्यात परावलंबी’ अशा एकाच शेऱ्यात होण्याचा संभव असतो. वस्तुतः ही पाच भिन्न विधाने आहेत. पहिल्यात केवळ वस्तुस्थिती आहे, कारण नाही. दुसऱ्यात क्षमतेचा वा कसबाचा अभाव आहे. तिसऱ्यात, ज्यास आपले व्याकरणकार शक्य क्रियापद म्हणतात ते आहे. त्यातून अशक्तपणा, वेदना किंवा मनाची भीती सूचित होते. चौथ्यात रुग्ण चालू शकत असेलही, परंतु घरची माणसे पडण्याच्या धास्तीने त्यास चालू देत नाहीत. पाचव्यात प्रयोजक क्रियापद असून आधार देणाऱ्या माणसाचा अभाव सांगितलेला आहे. या पाचांवरील उपाय एक नव्हे. दुसऱ्यास शिक्षण हवे, तिसऱ्यात वेदनेचा वा भीतीचा शोध हवा, चौथ्यात कुटुंबीयांशी बोलणे हवे, आणि पाचव्यात मदतनिसास तयार करणे हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली स्वीकारलेल्या कार्यक्षमतेच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘क्षमता’ आणि ‘प्रत्यक्ष वर्तन’ असा जो भेद केला आहे, तो मराठी बोलणारी निरक्षर म्हातारीही आपल्या क्रियापदांतून सहज करीत असते. तो ऐकणाऱ्याच्या कानास कळला पाहिजे, इतकेच.

येथे आणखी एक अडचण आहे. शक्य आणि प्रयोजक ही दोन्ही रूपे ‘व’ या एकाच प्रत्ययाने साधतात, आणि मराठीत कर्ता अध्याहृत ठेवण्याची मुभा आहे. त्यामुळे ‘मला उठवत नाही’ या वाक्याचे दोन अर्थ संभवतात. एक, उठण्याची शक्ती माझ्यात नाही. दुसरा, घरातले अमुक माणूस मला उठवून बसवीत नाही. पहिला अर्थ स्नायूंविषयी आहे, दुसरा कदाचित हेळसांडीविषयी. घाईने पहिला अर्थ गृहीत धरणारा विद्यार्थी महिनाभर व्यायाम देत राहील, आणि रुग्ण घरी दिवसभर अंथरुणावरच पडून राहील. ‘कोण उठवत नाही?’ किंवा ‘स्वतःहून उठावेसे वाटते का?’ एवढ्या एका प्रश्नाने हा घोटाळा टळतो. मात्र तो प्रश्न विचारावयाचा, हे सुचण्यासाठी वाक्याची द्व्यर्थता आधी जाणवली पाहिजे.

प्रश्न विचारणाऱ्याच्या भाषेतही असे खाचखळगे असतात. समजा, सातारकडील एखाद्या वृद्धेस विद्यार्थिनीने विचारले, “आजी, तुम्ही रोज आंघोळ करता ना?” उत्तर येते, “व्हय बाळा, सून घालती की.” येथे ‘होय’ खरे आहे आणि नोंद ‘स्वावलंबी’ अशी झाली तर ती सर्वस्वी खोटी आहे. आंघोळ होते की नाही, हा एक प्रश्न. ती कोण करते, हा दुसरा. पहिल्याच शब्दावर लेखणी थांबली, तर उत्तराचा उरलेला भाग वाया जातो.

मोजमापाच्या पद्धतीही भाषेप्रमाणेच विशिष्ट समाजात जन्मलेल्या असतात. महोनी व बार्थेल यांनी १९६५ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेला निर्देशांक आजही सर्वत्र वापरात आहे. त्यात दहा बाबी व एकूण शंभर गुण असून, जेवणाच्या बाबीत अन्न कापून द्यावे लागत असल्यास गुण कमी होतात. आपल्याकडे ताटात कापण्यासारखे काही नसते. भाकरीचा तुकडा मोडावा लागतो, आणि तो भातासह कालवणात कालवून बोटांनी तोंडात घालावा लागतो. उजवी बाजू लुळी पडलेला गृहस्थ डाव्या हाताने हे करू शकत असूनही म्हणतो, “मला डाव्या हाताने जेववत नाही.” येथे शक्य क्रियापद आहे, परंतु अडचण डाव्या हाताच्या बळाची नाही, ती जन्मभराच्या संस्काराची आहे. त्यास ‘करू शकत नाही’ असे नोंदविणे चूक आणि ‘करीत नाही’ असे नोंदवून हट्टी ठरविणेही चूक. पंक्तीत न बसविता आधी एकांतात सराव देणे, चमचा सुचविणे, किंवा उजव्या हातास आधार देऊन तोच तोंडाशी नेण्याचा प्रयत्न करणे, यांपैकी काय करावे हे त्या एका क्रियापदाच्या नीट श्रवणावर अवलंबून आहे.

यावरून हजार तासांच्या अटीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. ते तास केवळ हाताच्या सरावासाठी नाहीत. निरनिराळ्या वयांची, थरांची व प्रदेशांची माणसे आपली अडचण कशी सांगतात, हे ऐकण्यासाठीही आहेत. तेव्हा दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली अशी की, नोंद इंग्रजीत असली तरी रुग्णाचे मुख्य वाक्य त्याच्याच शब्दांत, देवनागरीत, नोंदीच्या शिरोभागी लिहावे. पुढचा उपचारक त्यावरून स्वतः अर्थ लावू शकेल. दुसरी अशी की, दैनंदिन कृतींचे प्रादेशिक शब्द व वाक्यप्रयोग विद्यार्थ्यांनी आपल्या प्रशिक्षणकाळात टिपून ठेवावेत आणि ते विभागात एकत्र करावेत. या कामी मराठीच्या अध्यापकांनी साहाय्य करणे उचित होईल.

हे सहकार्य अगदीच अपूर्व नाही. कमलाबाईंच्या स्नुषा जाई निंबकर आणि फलटणच्या भाषेचा अभ्यास केलेल्या मॅक्सीन बर्नसन या दोघींनी मिळून १९७५ साली मराठीचे संदर्भव्याकरण सिद्ध केले. बर्नसन यांनी फलटणला उभारलेल्या शाळेस तर कमलाबाईंचेच नाव आहे. एकाच घराच्या परिसरात व्यवसायोपचार आणि मराठीचे व्याकरण अशा दोन विद्या वाढल्या. त्यांची भेट विद्यापीठाच्या वर्गात आणि रुग्णालयाच्या खोलीत घडवून आणणे, हे आता दोन्ही विभागांचे काम आहे. त्यात भाषाशास्त्रास नवी सामग्री मिळेल, हा लाभ लहानच. आपले म्हणणे नेमके समजले गेले, असा रुग्णास येणारा अनुभव हा मोठा.