बुडालेल्या बॅरिस्टरवरचा आरोप

३ ऑगस्ट १८८८. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बोर्नमथ गावातल्या डीन पार्क मैदानावर मुंबईहून आलेला पारशी संघ खेळायला उतरला होता. पारशांचा हा इंग्लंडचा दुसरा दौरा. त्या उन्हाळ्यात तब्बल १७० बळी घेणारा मेहेल्लाशा पावरी याच संघातला. यजमान संघाच्या एका गोलंदाजाने पारशांच्या पहिल्या डावात पाच गडी बाद केले, तरी सामना पारशांनीच जिंकला. त्या गोलंदाजाचं नाव माँटेग्यू जॉन ड्रुइट. पेशाने बॅरिस्टर, शिवाय शाळामास्तर. बारा दिवसांनी त्याला ३१ वर्षं पूर्ण होणार होती. पाच महिन्यांच्या आत त्याचं प्रेत थेम्स नदीतून बाहेर काढलं गेलं. आणि गेली साठाहून अधिक वर्षं हा माणूस जगातल्या सर्वांत कुप्रसिद्ध खुन्यांपैकी एक, म्हणजे ‘जॅक द रिपर’, असावा असं छापलं जात आहे.

मला हा आरोप तपासून पाहावासा वाटतो, त्याचं कारण खुनी शोधण्याची हौस नव्हे. १३० वर्षांहून जुन्या या प्रकरणात खुनी आता सापडेल अशी आशा मला नाही. पण ज्याच्यावर कधी खटला भरला गेला नाही, ज्याला उत्तर द्यायची संधीच मिळाली नाही, त्याच्या नावावर पाच बायकांचे खून मांडायचे, तर निदान पुरावा कसाला लावला पाहिजे.

खून लंडनच्या पूर्व भागातल्या व्हाइटचॅपल आणि त्याला लागून असलेल्या वस्त्यांमधले. ३१ ऑगस्टच्या पहाटे बक्स रो या गल्लीत मेरी अ‍ॅन निकोल्स. ८ सप्टेंबरला हॅनबरी स्ट्रीटवरच्या २९ नंबरच्या घराच्या मागच्या अंगणात अ‍ॅनी चॅपमन. ३० सप्टेंबरच्या एकाच रात्री एलिझाबेथ स्ट्राइड आणि कॅथरिन एडोज. ९ नोव्हेंबरला मिलर्स कोर्टमधल्या भाड्याच्या खोलीत मेरी जेन केली. बहुतेकजणी चाळिशीतल्या, दारूने आणि गरिबीने खचलेल्या, रोजच्या रोज पथारीचे पैसे जमवून धर्मशाळावजा खोल्यांमध्ये रात्र काढणाऱ्या. पोलिसांच्या व्हाइटचॅपल-खुनांच्या दप्तरात मात्र पाच नव्हे, एप्रिल १८८८ ते फेब्रुवारी १८९१ या काळातले अकरा खून आहेत. ही पाच आणि अकरामधली तफावत लक्षात ठेवावी. ड्रुइटवरच्या आरोपाचं मूळ तिथे जाऊन पोचतं.

हा ड्रुइट कोण? डॉर्सेट परगण्यातल्या विम्बर्न गावच्या शल्यविशारदाचा मुलगा. विंचेस्टरच्या नामांकित शाळेत शिकला, ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजातून पदवीधर झाला, १८८५ साली बॅरिस्टर झाला. त्याच्या आधीपासूनच तो लंडनच्या आग्नेयेकडच्या ब्लॅकहीथमधल्या जॉर्ज व्हॅलेंटाइन यांच्या निवासी शाळेत शिकवत होता, राहायलाही तिथेच. क्रिकेटचं वेड पक्कं. एमसीसीचा सभासद, ब्लॅकहीथ क्लबचा चिटणीस आणि खजिनदार. १८८५ साली वडील वारले. जुलै १८८८ मध्ये आईच्या मनाचा तोल गेला आणि तिला मनोरुग्णालयात ठेवावं लागलं.

३१ डिसेंबर १८८८ ला चिझिकजवळ हेन्री विन्स्लेड या नावाड्याला पाण्यात प्रेत दिसलं. ओव्हरकोटाच्या प्रत्येक खिशात चार-चार दगड होते. अंगावर २ पौंड १७ शिलिंग २ पेन्स रोख, ५० आणि १६ पौंडांचे दोन धनादेश, चांदीचं घड्याळ, ब्लॅकहीथ ते लंडन पहिल्या वर्गाचा रेल्वे पास आणि १ डिसेंबरच्या हॅमरस्मिथ-चेरिंग क्रॉस तिकिटाचा परतीचा अर्धा भाग. २ जानेवारीला चिझिकमध्ये कोरोनरपुढे चौकशी झाली. थोरला भाऊ विल्यम बोर्नमथला वकिली करत असे. त्याने साक्ष दिली की माँटेग्यू आठवड्याहून जास्त दिवस कचेरीकडे फिरकला नसल्याचं त्याला ११ डिसेंबरला कळलं. लंडनला येऊन चौकशी केली, तर शाळेत काही गंभीर भानगड होऊन त्याला काढून टाकल्याचं समजलं. सामानात एक चिठ्ठी सापडली होती. तिचा आशय असा: शुक्रवारपासून मला वाटतंय की आपलंही आईसारखंच होणार, तेव्हा मरणंच बरं. मनाचा तोल ढळलेल्या अवस्थेत आत्महत्या, असा निर्णय झाला आणि दुसऱ्या दिवशी विम्बर्नला दफन. साक्षीत, चिठ्ठीत वा निर्णयात व्हाइटचॅपलचा उल्लेखसुद्धा नाही.

मग हा संबंध जोडला कुणी? मेल्व्हिल मॅकनॉटन यांनी. हे गृहस्थ बंगालमधल्या घरच्या जमिनींचा कारभार पाहणारे. १८८१ साली तिथल्या दंगलीत त्यांना मार बसला आणि त्या निमित्ताने बंगालच्या पोलीस खात्यातल्या जेम्स मन्रो यांच्याशी ओळख झाली. मन्रोच पुढे लंडनच्या पोलीस दलाचे प्रमुख झाले आणि जून १८८९ मध्ये मॅकनॉटन स्कॉटलंड यार्डात आले. म्हणजे पाचव्या खुनानंतर सात महिन्यांनी. तपासाच्या दिवसांत ते पोलिसात नव्हतेच.

फेब्रुवारी १८९४ मध्ये लंडनच्या ‘सन’ वृत्तपत्राने थॉमस कटबुश या मनोरुग्णाला रिपर ठरवणारी लेखमाला छापली. तिला उत्तर म्हणून २३ फेब्रुवारीला मॅकनॉटन यांनी एक टिपण लिहिलं. टिपणाचा हेतू खुनी जाहीर करण्याचा नव्हता, कटबुश खुनी नाही हे दाखवण्याचा होता. कटबुशपेक्षा अधिक संशय घ्यावा अशी तीन नावं त्यात आहेत: ड्रुइट, कोस्मिन्स्की नावाचा पोलिश ज्यू आणि मायकल ओस्ट्रॉग हा रशियन भामटा. ड्रुइटबद्दल लिहिलं आहे की तो डॉक्टर असल्याचं म्हणतात, चांगल्या घराण्यातला, मिलर्स कोर्टच्या खुनाच्या सुमारास नाहीसा झाला, लैंगिक वेडाचा होता, आणि खाजगी माहितीवरून पाहता त्याच्या घरच्यांनाच तो खुनी वाटत होता.

आता हे एकेक करून पाहू. ड्रुइट डॉक्टर नव्हता. मॅकनॉटन यांच्या घरी राहिलेल्या मसुद्यात वय ४१ दिलं आहे. तो ३१ वर्षांचा होता. मिलर्स कोर्टच्या सुमारास तो नाहीसा झाला नव्हता. १९ नोव्हेंबरला, म्हणजे मेरी केलीच्या खुनानंतर दहा दिवसांनी, तो ब्लॅकहीथ क्लबच्या बैठकीला हजर होता, आणि प्रेक्षकांच्या स्टँडमागची एकरभर जमीन आधीच्या जमिनीच्याच दराने भाड्याने घ्यावी असा ठराव त्याने मांडला. मॅकनॉटन यांची कल्पना अशी की त्या खोलीतल्या भयंकर कृत्यानंतर खुन्याचा मेंदूच ढासळला आणि त्याने लगोलग जीव दिला. मेंदू ढासळलेला माणूस दहा दिवसांनी भाड्याचा दर काढून ठराव मांडतो, हे मला पटत नाही. ज्या शुक्रवारचा चिठ्ठीत उल्लेख आहे तो बहुधा ३० नोव्हेंबर, आणि शाळेतून काढलं गेलं तेही त्याच सुमारास. तिकीट दुसऱ्या दिवसाचं. म्हणजे नोकरी गेली, अब्रूची भीती, आईचं उदाहरण डोळ्यांसमोर: आत्महत्येचा सगळा उलगडा इथेच होतो. शाळेतली भानगड नेमकी काय, याबद्दल अभ्यासकांनी पुष्कळ तर्क लढवले आहेत. पण अब्रू गेली म्हणून खून केले असं कोणत्याही तर्कातून निघत नाही.

त्याच यादीतला ओस्ट्रॉग तर १८८८ च्या त्या शरद ऋतूत फ्रान्समध्ये चोरीच्या गुन्ह्यात अटकेत होता, हे पुढे अभ्यासकांनी कागदपत्रांनिशी दाखवून दिलं. तीन नावांपैकी एक इंग्लंडातच नव्हता, तर दुसऱ्याचा पेशा, वय आणि नाहीसा झाल्याची तारीख चुकीची. अशा टिपणातले ‘खाजगी माहिती’ हे शब्द आपण किती वजनाचे मानायचे?

तरी आरोपाच्या बाजूने एक गोष्ट आहे आणि ती मी डावलणार नाही. मॅकनॉटन यांच्या टिपणाच्या तीन वर्षं आधी, फेब्रुवारी १८९१ मध्ये, वृत्तपत्रांत बातमी आली की पश्चिम इंग्लंडमधले एक खासदार रिपरबद्दल सांगत फिरत आहेत: खुनी एका शल्यविशारदाचा मुलगा होता आणि शेवटच्या खुनाच्या रात्रीच त्याने जीव दिला. हे खासदार म्हणजे वेस्ट डॉर्सेटचे हेन्री फार्क्वारसन, ज्यांचं घर विम्बर्नपासून फार दूर नव्हतं. तेव्हा ड्रुइटच्या गावाकडे अशी कुजबुज होती, आणि ती मॅकनॉटन यांनी शून्यातून घडवली नाही, एवढं नक्की. हा आरोपाचा सर्वांत भक्कम दुवा. पण त्यातही ‘शेवटच्या खुनाच्या रात्री’ हा चुकीचा तपशील आहेच, आणि तोच फिरून मॅकनॉटन यांच्या टिपणात दिसतो. शिवाय याच फार्क्वारसन यांनी निवडणुकीतल्या प्रतिस्पर्ध्याबद्दल, त्याला शाळेतून अनैतिक वर्तनासाठी काढलं होतं, अशी खोटी गोष्ट पसरवली होती. बदनामीच्या दाव्यात त्यांच्याविरुद्ध निकाल लागला. विम्बर्नच्या घरात कुणाला काय दिसलं, कुणी काय ऐकलं, याचा एकही कागद, एकही पत्र आजवर हाती आलेलं नाही. चुलतभाऊ डॉक्टर लायनेल ड्रुइट याने ऑस्ट्रेलियात खुन्याबद्दल पुस्तिका लिहिल्याची एक कथा १९५० च्या दशकात पुढे आली. पुस्तिका कुणालाच सापडली नाही.

भारतीय वाचकाला इथे एक नाव आठवावं: जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. आपल्याकडचा १८७२ चा पुरावा कायदा यांनीच सिद्ध केला. त्याच्या ६० व्या कलमात तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे हे तत्त्व स्वच्छ मांडलं होतं. पाहिलेली गोष्ट असेल तर पाहणाऱ्याने सांगावी, ऐकलेली असेल तर ऐकणाऱ्याने. फार्क्वारसन आणि मॅकनॉटन यांनी यातलं काहीच स्वतः पाहिलेलं नव्हतं. (स्टीफन यांच्याच मुलाचं नाव पुढे रिपरच्या संशयितांत घातलं गेलं, तेही पुराव्याविना. या यादीत कुणाचं नाव घालायला फारसं काही लागत नाही.)

ड्रुइटच्या बचावासाठी लोक क्रिकेट पुढे करतात. १९७३ साली अर्व्हिंग रोझनवॉटर यांनी ‘क्रिकेटर’ मासिकात त्याच्या सामन्यांच्या तारखा खुनांच्या तारखांशी ताडून पाहिल्या. १ सप्टेंबरला तो डॉर्सेटमधल्या कॅनफर्डला खेळत होता, पहिल्या खुनाच्या दुसऱ्या दिवशी. ८ सप्टेंबरला पहाटे अ‍ॅनी चॅपमनचा खून झाला आणि त्याच सकाळी साडेअकराला तो ब्लॅकहीथच्या मैदानावर होता. माझ्या मते हा बचाव पुरेसा नाही. डॉर्सेटला रेल्वेने त्याच दिवशी पोचता येत होतं, आणि ब्लॅकहीथ व्हाइटचॅपलपासून दहाएक किलोमीटरच. हे अवघड होतं, अशक्य नव्हतं. त्याच्यावरचा आरोप दुबळा आहे म्हणून त्याचा बचावही फुगवून सांगू नये.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो रस्त्यावरचा पुरावा. ३० सप्टेंबरच्या रात्री पावणेदोनच्या सुमारास मायटर स्क्वेअरमध्ये कॅथरिन एडोजचं प्रेत पोलीस शिपाई वॉटकिन्सला सापडलं. खुन्याने तिच्या एप्रनचा तुकडा कापून नेला होता. तो रक्ताळलेला तुकडा २ वाजून ५५ मिनिटांनी शिपाई अल्फ्रेड लाँगला गोल्स्टन स्ट्रीटवरच्या एका इमारतीच्या दारात मिळाला. गोल्स्टन स्ट्रीट मायटर स्क्वेअरच्या पूर्वेला, थेट व्हाइटचॅपलच्या वस्तीत. त्या रात्री तासाभरात दोन खून झाले होते आणि सगळा भाग पोलिसांनी भरला होता. ड्रुइटची कचेरी किंग्ज बेंच वॉकला, म्हणजे पश्चिमेला, आणि त्याची शाळा थेम्सपार आग्नेयेला. पळायचं असेल तर तो पश्चिमेकडे किंवा पुलाकडे गेला असता. खुनी मात्र शिट्ट्या वाजत असलेल्या वस्तीतच परतला. ज्याची खोली त्याच गल्ल्यांमध्ये आहे तोच माणूस असं करतो, असं मला वाटतं. याने ड्रुइट सुटत नाही, पण पारडं त्याच्याकडून दूर झुकतं.

आता पाच आणि अकराकडे येतो. खुन्याचे बळी पाच आणि पाचच, हे मॅकनॉटन यांनीच ठामपणे लिहिलं. जुलै १८८९ मध्ये अ‍ॅलिस मॅकेंझीचा खून झाला तेव्हा डॉक्टर थॉमस बाँड यांचं मत होतं की हा त्याच खुन्याचा हात. फेब्रुवारी १८९१ मध्ये फ्रान्सेस कोल्सचा खून झाला, तेव्हाही पोलीस पुन्हा रिपरच्या मागावर निघाले. रिपर थेम्समध्ये बुडाला अशी जर स्कॉटलंड यार्डाची खात्री असती, तर असं झालं नसतं. खून ड्रुइटच्या मृत्यूबरोबर थांबले म्हणून ड्रुइट खुनी, आणि ड्रुइट खुनी म्हणून त्याच्या मृत्यूनंतरचे खून दुसऱ्या कुणाचे: हे गोल फिरणारं तर्कट आहे. त्याच्या मृत्यूची तारीख बाजूला काढली, तर पुराव्याच्या बाजूला शिल्लक राहते ती केवळ ‘खाजगी माहिती’.

तपासावर प्रत्यक्ष असलेल्या माणसाचं मत काय होतं? इन्स्पेक्टर फ्रेडरिक अ‍ॅबरलाइन यांनी १९०३ साली एका वृत्तपत्राला सांगितलं की त्या काळात थेम्समध्ये एका तरुण डॉक्टरचं प्रेत मिळालं हे खरं, पण त्या वेळी ते सापडलं यापलीकडे त्याच्याविरुद्ध काहीच नव्हतं. त्यांचा स्वतःचा संशय जॉर्ज चॅपमन या विषप्रयोगी खुन्यावर होता. रॉबर्ट अँडरसन यांचा रोख पोलिश ज्यूवर, तर जॉन लिटलचाइल्ड यांचा टंबल्टी नावाच्या अमेरिकन वैदूवर. एकाच खात्यातले चार वरिष्ठ अधिकारी, चार वेगळी नावं.

मॅकनॉटन यांचं टिपण दप्तरात पडून राहिलं. घरच्या प्रतीतला मजकूर त्यांच्या मुलीकडे, लेडी अ‍ॅबरकॉनवे यांच्याकडे, जपून ठेवलेला होता. १९५९ साली डॅनियल फार्सन यांनी तो पाहिला आणि दूरचित्रवाणीवर फक्त ‘एम. जे. डी.’ ही आद्याक्षरं सांगितली. १९६५ मध्ये टॉम कलन यांच्या पुस्तकात संपूर्ण नाव छापून आलं. तेव्हापासून विम्बर्नच्या दफनभूमीत ४ डिसेंबर १८८८ ही मृत्यूची तारीख कोरलेल्या एका साध्या दगडाखाली झोपलेल्या माणसाची ओळख ही अशी झाली.

माझं मत विचाराल तर ड्रुइटविरुद्ध आज कोणत्याही दंडाधिकाऱ्याने आरोपपत्रसुद्धा दाखल करून घेतलं नसतं. त्याच्या गावात कुणाला तरी संशय होता, आणि तो संशय खासदारामार्फत किंवा आणखी कुणामार्फत एका अधिकाऱ्यापर्यंत पोचला, एवढंच खात्रीने म्हणता येतं. संशयाला कारण काय झालं, हे त्या घरातली माणसंच सांगू शकली असती. विल्यमने कोरोनरपुढे शपथेवर सांगितलं की आईखेरीज आपण एकटेच माँटेग्यूचे नातेवाईक. प्रत्यक्षात भावंडं आणखी पुष्कळ होती. हे खोटं त्याने का सांगितलं, याचा शोध मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो. भावंडांना साक्षीच्या आणि वर्तमानपत्रांच्या तोंडी द्यायचं नव्हतं म्हणून, की त्यांच्यापैकी कुणी काही बोलून जाईल या भीतीने, हे ठरवायला ड्रुइट कुटुंबाची खाजगी पत्रं लागतील. विम्बर्न, बोर्नमथ किंवा ऑस्ट्रेलियात गेलेल्या शाखेकडे ती अजून कुठल्या पेटीत असतील, तर शोध तिथे घ्यायला हवा.