इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर: दिसते ते कितपत खरे?

मिररलेस कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये तुम्हाला सेन्सरवरील प्रतिमा लहान पडद्यावर दिसते. सोनी अल्फा ६००० (२०१४) मध्ये हा पडदा १४.४ लाख डॉटचा आहे. प्रथम डायॉप्टरची चकती फिरवून त्यावरील अक्षरे स्पष्ट करा. याचा फोटोच्या फोकसवर परिणाम होत नाही. नंतर ‘लाइव्ह व्ह्यू डिस्प्ले’मध्ये ‘सेटिंग इफेक्ट ऑन’ निवडा. आता ‘ए’ मोडमध्ये मागच्या चाकाची खालची कळ दाबून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन बदलले, की दृश्य उजळ किंवा गडद होते. मात्र पडद्याचा स्वतःचा उजेडही कमी-जास्त करता येतो, म्हणून तो एक्सपोजरचे माप नाही. उन्हात पांढरा सदरा टिपताना हिस्टोग्राम पाहा. आलेख उजव्या कडेला चिकटला असेल, तर सदऱ्याच्या चुण्या फोटोत उमटणार नाहीत, कॉम्पेन्सेशन −०.७ किंवा −१ करून पुन्हा पाहा.